तीनशे तेरावं झाड

सुदाम जेजुरकरच्या हाताला यश आहे असं नाशकातली निम्मी बागवाली मंडळी म्हणायची, आणि उरलेली निम्मी त्याची वेळ मिळत नाही म्हणून कुरकुरायची. माणसांचा डॉक्टर आधी तपासण्या लिहून देतो. सुदाम आधी झाडाभोवती एक फेरी मारायचा, पान उलटं करून बघायचा, कोवळी काडी मोडून हुंगायचा, बोटाने माती उकरायचा आणि मग मालकाला फैलावर घ्यायचा. अनंताची पानं पिवळी पडली म्हणून तुम्ही त्याला शेणखतात पुरून ठेवलंत, पण त्याला लोह हवंय आणि तुमच्या बोअरच्या पाण्यातला चुना ते त्याला घेऊ देत नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे, त्याची राखण मुंग्या करतात, आधी मुंग्यांची वाट बंद करा. गुलाब शेंड्याकडून वाळत खाली येतोय, तो हिरव्या लाकडापर्यंत आजच छाटायचा, उद्यावर टाकायचा नाही. बोलणं कारल्यासारखं कडू, पण झाड महिन्याभरात फुटायचं, त्यामुळे कोणी मनावर घेत नसे.

बाप माळी, आजाही माळी. सुदाम बारावी सायन्सपर्यंत पोचला तो गर्गे बाईंमुळे. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बाप त्यांच्या अंगणात गवत काढायचा तेव्हा सोबत आलेल्या सुदामच्या हातात त्यांनी एकदा भिंग दिलं आणि गुलाबाच्या पानावरचा काळा डाग दाखवला. त्या डागात बुरशीची अख्खी वस्ती नांदत होती. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. पुढे बाई निवृत्त झाल्या, एकट्या राहिल्या, पण सुदाम महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जायचा. त्यांच्या अंगणात त्यांनी स्वतः लावलेली बकुळ होती, तिची निगा तोच राखायचा.

बाईंची सगळी शिकवण त्याने घेतली, एक सोडून. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्रीचं पातं स्पिरिटमध्ये बुडव, असं बाई सांगून थकल्या. बापाने सांगितलं होतं की स्पिरिटने झाडाची जखम भाजते, पात्याला कडुलिंबाचा पाला चोळावा. बापाचा शब्द मोडवेना. रोज सकाळी निघताना सुदाम दारातल्या कडुलिंबाचा मूठभर पाला कमरेच्या पिशवीत भरायचा आणि प्रत्येक झाडाला हात लावण्याआधी तो पाला पात्यावर असा चोळायचा की हिरवा रस ओघळावा. बघणाऱ्यांना ते फार आवडायचं. आपल्याकडचं जुनं ज्ञान म्हणून लोक त्याचे व्हिडिओ काढायचे, आणि तोही जरा जास्तच ऐटीत चोळायचा.

मग तहान्या आला.

नाव लोकांनीच दिलं. झाडाच्या बुंध्याशी पाणी साचलेलं असायचं, पण पानांच्या कडा चटका बसल्यासारख्या तपकिरी व्हायच्या. कडेकडून आत करपत जायचं, मग फांदी, मग झाड. आधी कण्हेर गेली, मग तगर, अनंत, बोगनवेल, शेवटी बकुळ आणि सोनचाफा. सुदामने माती बदलली, मुळं मोकळी केली, करपलेल्या फांद्या काढल्या. जितकं छाटावं तितकं झाड लवकर जायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला झाडासमोर मान खाली घालावी लागली.

त्याची मुलगी शरयू शहराच्या वृक्षरोग कक्षात शास्त्रज्ञ होती. तिने बापाला रोग समजावून सांगितला. झाडाच्या खोडात मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या केसाएवढ्या नळ्या असतात. हा जंतू त्या नळ्यांत राहतो आणि चिकट थर धरतो. नळ्या तुंबतात आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मरतं. औषध फवारलं तर ते पानावर राहतं, नळीत पोचत नाही. रस शोषणारे तुडतुडे एका झाडाचा जंतू दुसऱ्या झाडात नेतात. उपाय एकच, लागण झालेलं झाड तुडतुड्यांच्या आधी गाठायचं आणि मुळासकट काढून जाळायचं.

गाठायचं कसं, तर त्यासाठी रसवेध आला. डब्याएवढं यंत्र, त्याला दाभणापेक्षा बारीक सुई. सुई खोडात शिरून रसाचा एक थेंब घ्यायची आणि वीस मिनिटांत जंतूची जनुकं वाचून काढायची. जंतू आहे की नाही एवढंच ते सांगत नसे, कुठल्या झाडातून आला तेही सांगायचं. पूर्वी पोथीची नक्कल करताना एखाद्याने चूक केली की त्याच्या नकलेवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती चूक यायची. चुका जुळवल्या की कुठली पोथी कोणावरून केली ते कळतं. जंतूही स्वतःच्या नकला करताना अशाच चुका करतो, आणि रसवेध त्या चुका जुळवून रोगाची वंशावळ मांडायचा. यंत्रात उणीव एकच होती. लागण झाल्यावर जंतू खोडात पुरेसे वाढायला तीन-चार वर्षं लागायची, तोवर सुईला झाड निरोगी दिसायचं. तुडतुड्यांना मात्र त्या झाडातून जंतू उचलायला एवढा वेळ लागत नसे.

एका रविवारी दुपारी शरयू घरी आली. सुदाम ओट्यावर कात्रीला धार लावत होता. ती शेजारी बसली आणि घड्याळ बघत राहिली. मग तिने सांगितलं की शहरात सापडलेल्या एकसष्ट झाडांची वंशावळ मांडून झाली. तुडतुड्यांनी रोग नेला असता तर तो घरामागून घर, गल्लीमागून गल्ली सरकला असता. इथे तसं नव्हतं. एकसष्टच्या एकसष्ट झाडं एकाच आईची लेकरं होती आणि दहा-दहा किलोमीटरवर विखुरलेली होती. कोणीतरी त्या आईकडून थेट प्रत्येक झाडापर्यंत रोग नेला होता. तिला आधी एखाद्या नर्सरीचा संशय आला, पण झाडं वेगवेगळ्या नर्सऱ्यांची होती, वेगवेगळ्या वयाची होती. शेवटी ती स्वतः प्रत्येक बागेत गेली. प्रत्येक घरी तिला चहा मिळाला आणि प्रत्येकाने कौतुकाने सांगितलं, आमच्या झाडांचं सगळं तुझे वडीलच बघतात.

सुदामच्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा त्याने आधी कात्रीकडे बघितलं.

"पातं मी पाल्याने पुसतो," तो म्हणाला. "प्रत्येक झाडाआधी."

"माहितीये, आप्पा," शरयू म्हणाली. "म्हणून आत्ता आल्या आल्या मी लिंबाला सुई लावली."

यंत्र कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवलेलं होतं. आई तीच होती. कडुलिंबाला या जंतूने काहीच होत नसे. एक पान करपलं नव्हतं, सावली पूर्वीसारखीच गर्द होती. जंतू त्याच्या नळ्यांत भाडेकरूसारखा निवांत राहत होता आणि सुदाम रोज सकाळी मूठभर पाला तोडून, त्याचा रस पात्याला लावून, तो शहरातल्या उत्तमातल्या उत्तम झाडांच्या ताज्या जखमांत भरत होता. ज्यांची सगळ्यात जास्त काळजी घेतली तीच झाडं आधी गेली होती. कुंपणानेच शेत खाल्लं. घरोघरी ज्या हाताच्या यशाचं कौतुक झालं त्या हाताकडे बघवेना म्हणून तो आत जाऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

कडुलिंब दुसऱ्या दिवशी पाडला. पण खरं काम पुढे होतं. गेल्या चार वर्षांत सुदामने ज्या ज्या झाडाला कात्री लावली त्या प्रत्येक झाडात रोग असणार होता आणि सुईला तो दिसणार नव्हता. ती झाडं पाऊस संपून तुडतुडे उठायच्या आत काढली तर शहर वाचणार होतं. ती कुठली, हे सांगणारा एकच माणूस होता आणि त्याने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. त्याला माणसांची नावंही नीट आठवत नसत, झाडं मात्र एक न एक आठवत.

नऊ दिवस तो सांगत होता आणि शरयू नकाशावर खुणा करत होती. कोपऱ्यावरच्या बंगल्यातली कण्हेर, जिला भुंग्याने पोखरलं होतं. बँकवाल्यांच्या गेटवरची बोगनवेल. दवाखान्यामागचा सोनचाफा, त्याची मोडकी फांदी काढली. प्रत्येक झाडाला काय झालं होतं आणि ते कसं बरं केलं हे तो सांगायचा, मग शरयू खूण करायची. दोघंही एकमेकांकडे बघत नसत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिने तरी बापाला काय बोलावं? कक्षात तिने सरळ सांगितलं होतं की रोग माझ्या वडिलांच्या हातून गेला आणि तो थांबवणारी यादीही तेच देतायत. त्याच्या शब्दाची हमी तिने घेतली होती.

यादी तीनशे बारा झाडांची झाली. तीनशे तेरावं झाड सुदामने सांगितलं नाही.

ते गर्गे बाईंच्या अंगणातली बकुळ होती. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास त्याने तिची एक वाळकी फांदी काढली होती आणि त्याआधी पातं चांगलं घसघसून चोळलं होतं. बाई आता चौऱ्याऐंशीच्या होत्या, हृदय थकलेलं. सकाळ-संध्याकाळ त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायच्या, दुसरीकडे कुठे जात नसत. त्यांच्या डोळ्यांसमोर करवत लावायची, हे त्याच्याने होईना. त्याने मनाशी ठरवलं की बाई फार तर दोन वर्षं काढतील, झाड करपायला पाच लागतील. बाईंना झाडासकट जाऊ द्यावं आणि त्या गेल्या की दुसऱ्याच दिवशी आपण शरयूला सांगावं. आसपास पन्नास पावलांत रोग घेणारं दुसरं झाडही नव्हतं. दया आली की माणसाला सबबी शोधाव्या लागत नाहीत, त्या आपणहून येतात.

त्याने बकुळीला पिवळे चिकट सापळे टांगले, तुडतुडे अडकावेत म्हणून. पांढरी माशी आहे, असं बाईंना सांगितलं. बाईंनी एक सापळा काढून भिंगाखाली धरला आणि हे तर तुडतुडे आहेत, असं म्हटलं. सध्या सगळीकडेच आहेत, बाई, असं म्हणून त्याने विषय बदलला.

तीनशे बारा झाडं जळाली. लोकांनी सुदामला शिव्या दिल्या, काही अंगावर धावूनही गेले, त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या हातून कात्री काढून घेतली गेली आणि कुठल्याही झाडाला हात लावायला त्याला मनाई झाली. वर्ष गेलं. नवी लागण सापडेना. शरयूच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि ती पुन्हा रविवारी जेवायला येऊ लागली.

अशाच एका जेवणात तिने मातृवाटिकेची गोष्ट काढली. तहान्याने नेलेल्या प्रत्येक जातीची निरोगी झाडं एका जागी वाढवायची, त्यांच्यापासून चाळीस हजार रोपं करायची आणि वॉर्डावॉर्डात परत बाग उभी करायची. जागा ठरली होती. रोपं जाळीत वाढतील, पण शेवटचे तीन आठवडे ती उघड्यावर ठेवावी लागतात, ऊन-वारा सोसून कणखर व्हायला. म्हणून भोवताली अर्ध्या किलोमीटरमध्ये रोगाची एक खूण नको होती.

"तुमच्या यादीवरूनच शोधली जागा," ती म्हणाली. "पूर्ण नकाशात तेवढाच एक तुकडा स्वच्छ निघाला. गर्गे बाईंच्या घरामागचं मैदान."

सुदामचा घास हातातच राहिला. चोराच्या मनात चांदणं, त्याला वाटलं तिला कळलंच. पण ती उत्साहाने वरणावर तूप वाढून घेत होती. सांगायची वेळ हीच होती. त्याने तोंड उघडलंही. पण मग आधी का सांगितलं नाही, हे तिने विचारलं असतं, आणि वर्षभराने त्याच्याशी पुन्हा हसून बोलणारी मुलगी त्याच ताटावरून उठून गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. बकुळ एवढीशी, सापळे लावलेले आहेत, शिवाय पातं त्या दिवशी कदाचित कोरडं असेल. त्याने जागा चांगली आहे असं म्हटलं आणि पाणी प्यायला.

रोपं वाढली, कणखर झाली आणि घरोघर गेली. ज्यांचं झाड त्याच्यामुळे गेलं होतं अशा दोन बायका त्याच्या दारी येऊन रोप दाखवून गेल्या. एकीने तर झालं गेलं विसरून जा असंही म्हटलं. त्या दिवसांत तो बाईंकडे जाईना. बाई अजून होत्या, शहाऐंशीच्या झाल्या होत्या आणि आता भिंतीला धरून का होईना पण पूर्वीपेक्षा बऱ्या चालत होत्या. त्यांच्या मरणाची आपण वाट बघतोय हे एकदा त्याच्या लक्षात आलं, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

नेहमीच्या तपासणीत मातृवाटिकेतल्या एका तगरीत सुईला जंतू सापडला. कोवळ्या झाडात जंतू लवकर वाढतो, हे तेव्हा कळलं. रोगाची वंशावळ कडुलिंबापासून निघत होती, पण मधे एक पिढी होती जी यादीतल्या कुठल्याच झाडाशी जुळत नव्हती. शरयू सुई घेऊन भोवतालच्या अंगणांतून फिरली. दुपारी ती बापाकडे आली आणि दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बकुळीला हात लावला होतात?"

"लावला होता."

"मी जागा सांगितली तेव्हा ठाऊक होतं?"

त्याने होय म्हणून मान हलवली. मग घाईघाईने म्हणाला, "बाकी सगळं खरं आहे, शरू. ते एकच. तुझ्या आईची शपथ, आणखी एकही झाड लपवलेलं नाही."

ते खरं होतं. आयुष्यात त्याने यापेक्षा खरं काही सांगितलं नव्हतं. शरयूने ते ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"असेलही. पण मी ते कोणाला सांगू, आप्पा? मागच्या वेळी मीच हमी घेतली होती." तिने सुई पुसून डब्यात ठेवली. "एक नाव लपवलं की यादी राहत नाही. आता तुम्ही सांगितलेली झाडं खरी मानता येत नाहीत आणि न सांगितलेली निरोगी मानता येत नाहीत."

म्हणून सगळीच पाडायचं ठरलं. वाटलेली चाळीस हजार रोपं, मातृवाटिका, आणि शहरातली उभी असलेली प्रत्येक कण्हेर, तगर, अनंत, बोगनवेल, सोनचाफा, बकुळ आणि कडुलिंब. सुई निरोगी म्हणाली तरी. ज्या झाडांना सुदामने कधी बघितलंही नव्हतं ती झाडंसुद्धा, कारण बघितलं नव्हतं हे फक्त तोच सांगत होता. मातृवाटिका शरयूची दोन वर्षांची मेहनत होती. ती जळताना बघायला तिने स्वतःहून थांबायचं ठरवलं, पण आधी बाईंची बकुळ काढायची होती.

सुदाम तिच्या आधी बाईंकडे पोचला. बाई नेहमीच्या खुर्चीत, पण पाठ झाडाकडे करून बसल्या होत्या. रस्त्यावर करवतवाल्यांची गाडी येऊन उभी राहिली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दसऱ्यापासून मातृवाटिकेपर्यंत. शरयू फाटकातून आत आली आणि तिथेच थांबली.

"का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला सोसलं नसतं, बाई."

"असं मी म्हटलं होतं?"

"नाही."

"मी वनस्पतिशास्त्र शिकवलं रे, सुदाम. चौतीस वर्षं. रोगट झाड काढायचं असतं हे वर्गात सांगायची मी, अन् घरी काय रडत बसले असते?" त्यांना धाप लागली, थांबून त्या पुढे म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर त्याच दिवशी पाड म्हटलं असतं. एक बकुळ होती. तेवढ्यावर भागलं असतं."

बाईंनी रागावून म्हटलं असतं तर सुदामला सोपं गेलं असतं, पण त्या विद्यार्थ्याची चूक दाखवावी तशा सरळ बोलल्या होत्या. दोन माणसं करवत घेऊन आत आली आणि बुंध्याभोवती दोर बांधू लागली.

बाईंनी खुर्ची झाडाकडे फिरवून द्यायला सांगितली. सुदाम पुढे झाला.

"तू नको," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शरयूला हाक मारली.